डाव्या गालातली हवा

मोहाची फुलं पडायला लागली की आमच्या वडशात ते आधी नाकाला कळतं. सकाळी दार उघडावं तर गोड, जरासा आंबूस वास उंबऱ्यापर्यंत आलेला असतो. दुपारच्या उन्हात तो इतका दाट होतो की पाणी प्यायलं तरी गोड लागतं. गावाबाहेरच्या झाडांखालचा पाचोळा लोकांनी जाळलेला असतो, पळस जवळपास संपत आलेला असतो आणि बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या आतच गेलेल्या असतात. यंदाही तो वास आला. परवा दात घासताना आला आणि माझ्याही नकळत मी चूळ तोंडात धरून आरशासमोर उभा राहिलो. पाणी डाव्या कोपऱ्यातून गळतं का, ते पाहत होतो. गळलं नाही. मी चूळ टाकली आणि चहा ठेवला.

मी डिजेरिडू वाजवतो आणि शिकवतो. हे वाक्य आमच्या भागात नुसतं म्हणून भागत नाही, पुढे बरंच सांगावं लागतं. हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं वाद्य. तिकडे वाळवीने आतून पोखरलेलं खोड घेतात. वाळवी आमच्याकडेही भरपूर आहे, पण ती कपाटं आणि दारांच्या चौकटींपलीकडे कशात मन घालत नाही, म्हणून मी बांबू घेतो. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा लांब, जाड. तापलेल्या सळईने आतले पडदे फोडायचे आणि तोंडाला जंगली मधमाशांच्या मेणाचं कडं बसवायचं, म्हणजे ओठांना काठ रुतत नाही आणि फटीतून हवा जात नाही. मग ओठ सैल सोडून फुंकायचं. सूर एकच निघतो. त्या एका सुरात जिभेने, गळ्याने, गालांनी जे काय करायचं ते करायचं. लोक त्याला भोंगा म्हणतात आणि मला भोंगामास्तर. सुरुवातीला राग यायचा. आता कोणी माझ्या खऱ्या नावाने हाक मारली तर मीच पटकन वळून बघत नाही.

हिवाळ्यात आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो, तेव्हा मला बरं काम मिळतं. रंगमंचाच्या बाजूला, तबल्याच्या मागे बसायचं. राक्षस आला, पूर आला, सासूच्या मनात वाईट आलं, की भोंगा. एक दिग्दर्शक तर मला कथा सांगायच्या भानगडीतच पडत नाही. "भाऊ, खलनायकानं मिशीले हात लावला का तुमी सुरू व्हा," एवढंच सांगतो. उरलेलं वर्ष आठवड्यातून दोनदा रेल्वेने चंद्रपूरला जातो आणि भाड्याच्या एका खोलीत शिकवतो. कोळशाच्या खाणीतले एक इंजिनीयर आहेत, ते घोरतात म्हणून बायकोने पाठवलेले. एक हार्मोनियमचे शिक्षक आहेत, ते दर वेळी पट्टी विचारतात. आणि वनिताबाई आहेत.

वनिताबाई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. चाळिशीच्या, बोलायला रोखठोक. पहिल्या दिवशी मी विचारलं, एवढी वाद्यं सोडून हेच का? त्या म्हणाल्या, "दिवसभर लोकायचेच श्वास मोजून राह्यली, सर. आपला कुठी जाते ते एकदा पाहाव म्हटलं."

या वाद्याचं सगळं मर्म श्वासात आहे. सूर तुटू द्यायचा नाही. गाल हवेने भरून ठेवायचे आणि ती हवा हळूहळू बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास ओढून घ्यायचा. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस श्वासच घेत नाही. शिकणाऱ्यांना याला महिने लागतात, काहींना जमतच नाही. मला एक दुपार लागली आणि त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. मी सोनाराचा मुलगा.

बाबा शेगडीसमोर मांडी घालून बसायचे आणि पितळी फुंकणीने ज्योत दागिन्याच्या सांध्यावर धरायचे. सांधा वितळून जुळेपर्यंत ज्योत हलता कामा नये, म्हणजे फुंकही थांबता कामा नये. त्यांचे गाल लिंबाएवढे फुगायचे आणि तसेच राहायचे. मी पाच-सहा वर्षांचा असेन. एकदा त्यांनी माझा हात धरून आपल्या गालावर ठेवला. गाल गरम होता, दाढीचे खुंट हाताला टोचत होते आणि आत हवा हलत होती. मग फुंकणी बाजूला काढून म्हणाले, "पाह्यलं? इथी हवा ठेवाची. नाकानं घेत राह्याची. धार तुटू द्याची नाई." पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून त्यांनी पाण्याच्या लोट्यात टाकला आणि म्हणाले, बुडबुडे बंद पडले की तू नापास. त्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या पपईला पानं राहिली नाहीत. आज चंद्रपूरच्या खोलीत माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा तोच असतो, फक्त लोट्याच्या जागी काचेचा ग्लास आहे.

बारावीनंतर मी गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कांदे चिरायला होतो. समुद्राकाठच्या बाजारात एक गोरा माणूस डिजेरिडू वाजवत बसला होता. त्याने गंमत म्हणून माझ्या हातात दिलं. आधी नुसते फुसकुले निघाले. मग ओठ सैल सुटले, सूर लागला, आणि एकदा लागल्यावर मी तो सोडलाच नाही. त्याने विचारलं, श्वास कुठे शिकलास? मी म्हटलं, आमच्या दुकानात. त्याला वाटलं आमचं वाद्यांचं दुकान आहे. मीही तो गैरसमज दूर केला नाही. मला ती सवय आहे, हे पुढे कळेलच.

घरी परत आल्यावर मी अंगणात वाजवून दाखवलं. बाबा दुकानाच्या दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "श्वास चांगला हाय. पण इतकं फुंकून जोडलं काय?" सोनाराचा प्रश्न होता. त्यांच्या आयुष्यात प्रत्येक फुंकेच्या शेवटी काहीतरी जोडलं गेलेलं असायचं. आज मला तो प्रश्न वाईट वाटत नाही. त्या दिवशी मात्र मी तिरसटून म्हणालो, "तुमाले ऐकूच येत नसन तं मी काय करू?" एवढंच झालं. भांडण म्हणावं असंही नाही. पण त्या दिवशी जो अबोला धरला, तो कोणीच सोडला नाही. आधी महिना गेला, मग वर्ष गेलं, मग तो घरातल्या कपाटासारखा झाला. कपाट मधोमध आहे, तर बाजूने जायचं.

"त्याले म्हणा, जेवून घे." "आई, बाबाले सांग, मी चंद्रपूरले चाललो." आम्ही तिघं एकाच खोलीत असायचो. आई प्रत्येक वाक्य ऐकायची आणि पुन्हा सांगायची, जणू आम्ही दोन वेगळ्या गावांत राहत होतो. एकदाच ती वैतागून म्हणाली, "मरणाच्या आधी एकदा तरी बोला रे एकमेकाशी." ती तिच्या मरणाबद्दल बोलत होती.

गेल्या वर्षी फाल्गुनात बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मी चंद्रपूरला शिकवत होतो, फोन बंद करून पिशवीत टाकलेला. परत आलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती आणि बाबांना खाली घेतलं होतं. मला काहीच वाटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. मी सांगतील ते केलं. मडकं धरलं, फेरे घातले, डोकं भादरून घेतलं. तेरा दिवस मी एखाद्या दुसऱ्याच्या घरच्या कार्यात राबावं तसा राबलो आणि रडू येण्याची वाट पाहत राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांचंही माझ्याकडे लक्ष होतं. अबोल्याची गोष्ट वडशात सगळ्यांना माहीत होती. आई भिंतीला टेकून बसायची आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची.

तेरवीनंतर दोन दिवसांनी चंद्रपूरचा वर्ग होता. त्या सकाळी मोहाचा वास पहिल्यांदा आला. आई अजून आंघोळीला होती. मी चूळ भरली तर ती शर्टावर गळली. स्टेशनवर चहा घेतला, तोही हनुवटीवरून ओघळला. कप फुटका असेल म्हणून मी दुसरा मागितला. खोलीत पोचलो, विद्यार्थी बसले, मी बांबू तोंडाला लावला आणि सूर धरला, तर डावीकडून हवा फुस्स करून निघून गेली. पुन्हा धरला, पुन्हा गेली. आमच्या कामात हवा गळली की दोष मेणाचा, यात शंका घ्यायची सोय नसते. चैत्राच्या उन्हात मेण सैल होतंच. मी कडं उपसून काढलं, छोट्या स्टोव्हवर वितळवलं, नवं वळून बसवलं. हवा तिथूनच गेली. पुन्हा वितळवलं. इंजिनीयरसाहेबांनी सुचवलं की बांबूला चीर असेल. हार्मोनियमचे शिक्षक म्हणाले, पट्टी उतरली असेल. मी तिसऱ्यांदा मेण काढायला घेतलं तेव्हा वनिताबाई उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, त्या मेणाले काऊन तरास देऊन राह्यले? शिटी वाजवून दाखवा."

मला शिटी वाजवता आली नाही.

"आता डोळे मिटा."

मी मिटले. म्हणजे मला तसं वाटलं. डाव्या डोळ्याला खोली दिसतच होती, मेणाचं भांडं, स्टोव्ह आणि माझ्याकडे बघणारी तीन माणसं. वनिताबाईंनी आपली पर्स उचलली आणि मला तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची एक नस सुजली आहे. बहुतेकांचं परत येतं. काहींचं थोडं राहतं. किती दिवस, ते सांगता येत नाही. माझा अर्धा चेहरा दात काढताना इंजेक्शन दिल्यासारखा बधिर वाटत होता, पण त्यांनी कापसाने गालाला शिवून विचारलं, कळतंय? कळत होतं. "म्हणजे स्पर्श समजतो आहे," ते म्हणाले, "फक्त हलत नाही काही." मी मान हलवली. गेल्या पंधरा दिवसांत माझ्याबद्दल कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

गोळ्या मिळाल्या, डोळ्यात टाकायचं औषध मिळालं आणि व्यायामांचा कागद मिळाला. गाल फुगवा. हवा एका गालातून दुसऱ्या गालात न्या. ओठांचा चंबू करा. मी तो कागद दोनदा वाचला. तो माझाच पहिला धडा होता आणि मी त्यात नापास होतो.

घरी आल्यावर आईने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. शेजारच्या काकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, त्यांच्या बायकोने सांगितलं की पहाटे मोहाखालून गेलं की वारं लागतंच. मी कुठल्याच मोहाखालून गेलो नव्हतो. त्या चेहऱ्यात आणखी एक गोष्ट होती. डावी पापणी मिटत नव्हती आणि खालची सैल पडली होती, त्यामुळे त्या डोळ्यातलं पाणी आत थांबत नसे. सकाळी, दुपारी, जेवताना, बोलताना, सारखी धार लागलेली. मी रुमाल घेऊन टिपत बसायचो.

आणि भेटायला येणारे अजून येतच होते. बाबांची बहीण, माझी आत्या, गोदावरीकाठच्या सिरोंच्याहून आली. तापाने पडल्यामुळे तिला तेरवीला येता आलं नव्हतं. तिकडे तेलुगू जास्त चालतं, तिच्या मराठीतही ते उतरलेलं आहे; मोठ्या भावाला, म्हणजे बाबांना, ती 'अन्ना' म्हणायची. ती दारातच थबकली. माझं वाकडं तोंड आणि वाहणारा डोळा पाहून तिने पदर तोंडाला लावला. "अय्यो, अन्नासाठी रडून रडून काय करून घेतलं पोरानं," ती आईला म्हणाली. "लोक म्हणत, बापलेकाचं बोलणं नव्हतं. आता येऊन पाहा म्हणा त्यायले."

मी तोंड उघडलं, पण खरं काय ते बोललो नाही. डाव्या ओठाने शब्द धड निघत नव्हते, हे एक कारण. दुसरं कारण आई. ती आत्याशेजारी बसली होती आणि म्हणाली, "हो, लय रडते." ते म्हणताना तिचे खांदे जरा खाली आले. त्या संध्याकाळी ती आत्यासोबत नीट जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी समोर बसून रुमालाने गाल टिपत होतो. त्या पाण्याच्या एका थेंबाचाही बाबांशी संबंध नव्हता, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तिचा तेवढा आधार काढून घेतल्यासारखं झालं असतं. न सांगावं तर मेलेल्या बापाच्या नावावर मी खोटं रडत होतो. मी काहीच सांगितलं नाही. पुढे पंधरा-वीस दिवस जे कोणी आलं, ते माझ्या पाठीवर हात ठेवून गेलं.

एकट्या वनिताबाई फसल्या नाहीत. वर्ग मी बंद केला नव्हता. मला वाजवता येत नव्हतं, म्हणून सांगावं लागत होतं, आणि तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी शिकवलंच नव्हतं. मी वाजवायचो आणि म्हणायचो, असं. आता 'असं' म्हणजे कसं, ते शब्दांत सापडेना. शेवटी एकदा मी म्हणालो, "स्वतःचा हात गालावर ठेवा. आत काय हलतं ते हाताला विचारा." वनिताबाईंनी एका हाताने बांबू धरला, दुसरा गालावर ठेवला आणि सूर धरला. नाकाने बारीकसा सुस्कारा ऐकू आला आणि सूर तसाच चालू राहिला. पुन्हा सुस्कारा, पुन्हा सूर. त्यांचे डोळे मोठे झाले. इंजिनीयरसाहेब खुर्चीतून पुढे सरकले. खोलीच्या खिडकीची काच बारीक थरथरत होती.

सात महिने त्या यासाठी येत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधला, जसा आपण खिशात किल्ली शोधतो, आणि तो तिथे नव्हता. डावा डोळा मात्र नेहमीसारखा वाहत होता. हार्मोनियमचे शिक्षक गहिवरून म्हणाले, "पाहा, सरांना भरून आलं." वनिताबाईंनी बांबू तोंडापासून काढला, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "काई भरून नाई आलं. सर, दुपारचं औषध टाकलं का डोळ्यात?" मी टाकलं नव्हतं.

बधिरपण दुखत नाही, हीच त्याची अडचण आहे. दुखलं असतं तर त्याच्याशी काही बोलता आलं असतं. त्या चैत्रात मी संध्याकाळी बाबांच्या बंद दुकानासमोर बसायचो. फळीच्या फटीतून शेगडी दिसायची, तिच्या बाजूला पितळी फुंकणी. मला त्यांचा गरम गाल आठवायचा, त्यांचा प्रश्न आठवायचा, माझं उत्तर आठवायचं. सगळं स्पष्ट आठवायचं. हलायचं काही नाही.

मोह संपला. झाडांना तांबूस नवी पालवी आली आणि लोक तेंदूची पानं तोडायला जंगलात जायला लागले. अशाच एका सकाळी चूळ गळली नाही. चार दिवसांनी शिटी निघाली, शिटीपेक्षा फुंकर म्हणावी अशी. मग पापणी मिटायला लागली. आधी अर्धी, मग पूर्ण. डोळ्यातलं पाणी थांबलं. मी बांबू घेतला आणि परसात जाऊन वाजवला. सूर लागला. डावा गाल अजून थोडा कच्चा होता, आजही दमल्यावर तिथून हवा निसटते, आणि हसताना तोंड एका बाजूला जरा जास्त जातं. नाटकवाल्यांना ते आवडतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी आई पडवीत वाळलेली मोहफुलं निवडत बसली होती. गावातल्या बायकांकडून दरवर्षी घेते, लाडवांना आणि भाकरीत घालायला. फोन कानाला लावून ती आत्याशी बोलत होती. "आता बरा हाय. तोंडही सरकं झालं. हो, लय रडला बाबासाठी. आता सावरला." तिने फोन ठेवला. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर ही गोष्ट कायमची खरी होऊन बसेल, आणि मग मला स्वतःला तरी काय माहीत असेल.

"आई," मी म्हटलं, "ते रडणं नव्हतं. पापणी मिटत नव्हती ना, म्हणून पाणी गळत होतं. मी बाबासाठी एकदाही रडलो नाई."

तिचे हात थांबले नाहीत. एक काडी काढून तिने बाजूला टाकली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "रडणारा माणूस दोन्ही डोळ्यायनं रडते."

"मंग आत्याले काऊन तसं सांगितलं?"

सुपातली फुलं तिने बोटांनी पसरली.

"घरातून कोणीतरी रडलेलं दिसाव लागते ना, बाबू. चाळीस वर्षं त्या माणसाच्या मागं उठली-बसली, अन् माह्या डोळ्यात थेंब नाई आला. अजूनही नाई येऊन राह्यला. म्या म्हटलं, तुह्या एका डोळ्यावर दोघायचं भागते तं भागू द्याव."

तिने सूप झटकलं आणि पुढची मूठ घेतली. मी तिच्यासमोर बसलो आणि निवडू लागलो.